दुसऱ्या रकान्यातली बत्तिसावी ओळ

आधी कबुली देऊन टाकते, म्हणजे पुढचं सांगायला मोकळी. मी भौतिकशास्त्राची निवृत्त प्राध्यापक. माझ्या नावावर चार लोकांना माहीत असलेला एकच पेपर आहे आणि त्या पेपरातला अर्धा तक्ता चुकीचा होता. एकतीस आकडे, सहा-सहा दशांश स्थळांपर्यंत सुबक मांडलेले, आणि सगळेच्या सगळे खोटे. हे मला पेपर छापल्यावर पंचवीसेक वर्षांनी कळलं. आणि खरं सांगू? ते कळलं त्या पंधरवड्याइतका आनंद मला अख्ख्या नोकरीत झाला नव्हता. हे वाक्य वाचून आमच्या घरात माना हलल्या, पण मी ते तसंच ठेवलंय.

आमचा धंदा काय, ते सांगते. घाबरू नका, समीकरण एकही लिहिणार नाही. इलेक्ट्रॉनसारखा कण म्हणजे एक लाट असते. त्याला ओढणारं एखादं बळ असलं, की त्या जागी जणू खड्डा पडतो आणि लाट त्या खड्ड्यात अडकते. अडकली म्हणजे काय? तर खड्ड्याबाहेर जाईल तशी ती विरत गेली पाहिजे. बाहेर जाऊन जी फुगते, ती अडकलेलीच नाही. गंमत अशी की कुठल्याही ऊर्जेला हे जमत नाही. तंबोऱ्याच्या तारेतून ठरावीकच सूर निघतात, तसं ठरावीक ऊर्जांनाच लाट नीट विरते. त्या ऊर्जा शोधायच्या. मी बत्तीस वर्षं वाशीच्या एका कॉलेजात हेच शिकवलं आणि उरलेल्या वेळात हेच केलं.

आता कण फार वेगात असला, प्रकाशाच्या वेगाच्या आसपास, तर साधं समीकरण चालत नाही. सापेक्षतेचं समीकरण घ्यावं लागतं, आणि तिथून खरी मजा सुरू होते. त्यात ऊर्जा वर्गात येते, त्यामुळे उत्तरं दोन निघतात, एक अधिक आणि एक उणं. उणं उत्तर फेकून द्यायचं नसतं. तो त्या कणाचा उलटा जुळा असतो, विरुद्ध विद्युतभाराचा प्रतिकण. पहिल्यांदा हे शिकले तेव्हा मी लायब्ररीत मोठ्याने हसले होते आणि ग्रंथपालांनी मला बाहेर काढलं होतं.

"याचा उपयोग काय?" हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारलाय. वाशीतल्या आमच्या सराफांनीसुद्धा विचारला. मी म्हटलं, "तुमचं दुकान यावरच चालतं. सोन्याच्या अणूतले आतले इलेक्ट्रॉन एवढे जोरात पळतात, म्हणून सोनं पिवळं दिसतं. साध्या समीकरणाने सोडवलं तर ते चांदीसारखं पांढरं यायला पाहिजे." त्यांनी हातातली बांगडी खाली ठेवली. "मॅडम, हे गिऱ्हाईकांसमोर नका बोलू हां. उगाच कोणीतरी पिवळेपणाचं सर्टिफिकेट मागायला लागेल."

कामोठ्याला आमच्या सोसायटीत एकदा कंपाउंडची भिंत वाढवायची मीटिंग झाली. मी उत्साहाच्या भरात उठून सांगितलं की आमच्या समीकरणात भिंत एका मर्यादेपलीकडे उंच केली, की कण अडायच्या ऐवजी सरळ पार जातो. सेक्रेटरी म्हणाले, "ताई, तुमी भिंतीच्या बाजूने आहात की विरोधात, तेवढंच सांगा. मीटिंगच्या मिनिट्समध्ये लिहायचंय." पण हे पार जाणं लक्षात ठेवा. फार मोठी भिंत, फार खोल खड्डा, असं टोक गाठलं की हे समीकरण नेहमीची रीत सोडतं. मला ते पाठ होतं, मी दरवर्षी शिकवत होते, आणि तरीही नेमकी तिथेच माती खाल्ली.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते. साताऱ्याकडचे. त्यांची एक सवय होती. गोणी ट्रकमधून उतरताना काट्यावर होते, ती जिथे पोहोचवायची तिथे पुन्हा एकदा काट्यावर ठेवायची. टोळीतले वैतागायचे. आप्पा म्हणायचे, "वजन हाय तेवढंच भरंल की. मग भ्यायचं कशाला? ठिव परत काट्यावर." मी हे वर्गात नेलं. उत्तर आलं की ते मूळ समीकरणात घालून बघायचं, जमतंय का. सूत्रात नाही, मूळ समीकरणात! माझ्या विद्यार्थ्यांनी माझं नाव 'काटा मॅडम' पाडलं होतं. मला ते ठाऊक होतं आणि आवडायचं.

आता माझा पेपर. एका विशिष्ट आकाराच्या खड्ड्यासाठी मी समीकरण सोडवलं होतं. वाटेत एक वर्गमूळ आडवं येतं. ते घालवायला दोन्ही बाजूंचा वर्ग करायचा, मग साधं वर्गसमीकरण उरतं आणि दोन उत्तरं मिळतात. खड्डा थोडाथोडा खोल करत नेला, प्रत्येक खोलीला एक ओळ. पहिल्या रकान्यात कणाची ऊर्जा, दुसऱ्यात प्रतिकणाची. दुसरा रकाना माझ्याआधी त्या खड्ड्यासाठी कोणी दिला नव्हता. त्याच्यामुळेच पेपर गाजला. गाजला म्हणजे आमच्या गल्लीत गाजला, पण गाजला. मागून येणारे लोक आपापल्या पद्धतीने गणित करायचे आणि लिहायचे, 'आमचे आकडे आधीच्या तक्त्याशी जुळतात.' सहाव्या दशांशापर्यंत जुळायचे. मी प्रत्येक वेळी पेढे आणायचे.

रुबीना ही माझी शेवटची पीएचडीची विद्यार्थिनी. उरणकडची. ऐरोलीत एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, घरी दोन मुलं, आणि आठवड्यातून एकदा शनिवारी सकाळी माझ्या जेवणाच्या टेबलावर समीकरणं. आठ वर्षं अशी काढली तिने. नोंदणीची मुदत दोनदा वाढवून घेतली होती, तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. प्रबंध तयार होता, बांधायला द्यायचा होता. मुदतीला अकरा दिवस राहिले असताना ती शनिवारी आली, चप्पल काढली आणि दारातच उभी राहिली.

"मॅडम, एक प्रॉब्लेम आहे."

"प्रिंटरचा?"

"नाही. तुमच्या पेपरचा."

तिच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण माझ्या दुसऱ्या रकान्यावर उभं होतं. शेवटची तपासणी म्हणून तिने माझे आकडे घेतले आणि मूळ समीकरणात घातले. तिच्या प्रोग्राममध्ये लाट खड्ड्यातून निघून एकेक पाऊल बाहेर जाते. पहिल्या रकान्यातल्या लाटा छान विरल्या. दुसऱ्या रकान्यातली प्रत्येक लाट बाहेर जाऊन फुगली.

मी चिडले. चांगलीच चिडले. म्हटलं, "तुझ्या प्रोग्राममध्ये चूक असेल. हे आकडे जगभरच्या लोकांनी तपासलेत."

"सगळ्यांनी तुमच्यासारखाच वर्ग केलाय, मॅडम. वर्ग केला की उणं चिन्ह गायब होतं. मग फुगणारी लाट पण विरणाऱ्यासारखीच दिसते." ती हळू बोलत होती, पण मागे हटत नव्हती. "तुमीच सांगितलं होतं ना, परत काट्यावर ठेवायचं म्हणून. मी फक्त ठेवलं."

मी तिला चहा दिला नाही. चक्क नाही दिला, याची मला आजही लाज वाटते. गॅलरीत जाऊन उभी राहिले. आणि तिथे, वाळत घातलेल्या चादरींसमोर, मला एका क्षणात सगळं दिसलं. समीकरण नको, तक्ता नको, साधी अक्कल लावली असती तरी पुरे होतं. जे बळ कणाला ओढतं ते त्याच्या उलट्या जुळ्याला ढकलतं. कणासाठी जो खड्डा, तो प्रतिकणासाठी टेकडी. टेकडीच्या माथ्यावर कोण कशाला अडकून बसेल? बारावीतल्या पोरालाही हे सांगता आलं असतं. आणि आम्ही जगभरची शहाणी माणसं पंचवीस वर्षं त्या टेकडीवर प्रतिकण बसवून त्याचं सहावं दशांश स्थळ जुळवत होतो!

मला हसू आलं. रडूही आलं. आत येऊन मी आधी चहा टाकला.

"मॅडम," रुबीना म्हणाली, "ऐका ना. तिसरं प्रकरण असंच जाऊ दे. परीक्षकांना पण कळणार नाही. त्यांनी स्वतःच तुमचा रकाना वापरलाय. डिग्री झाली की मग शांतपणे बघू."

ती हे माझ्यासाठी म्हणत होती, आणि थोडंसं स्वतःसाठीही. का म्हणू नये? आठ वर्षं गेली होती तिची. प्रकरण काढलं तर प्रबंध अर्धवट, ठेवलं तर खोटा, आणि नव्याने लिहायला अकरा दिवस. मी तिला विचारलं, "तुला चालेल का?"

तिने कपाकडे बघितलं. "नाही चालणार."

"मग ऑफिसात रजा टाक," मी म्हटलं.

पुढचे दिवस मी आयुष्यभर विसरणार नाही. रुबीना सकाळी नऊला यायची, लॅपटॉप उघडायची. मी कागदावर, ती संगणकावर. प्रकरणाचं नवं नाव ठरलं, 'दुसरा रकाना रिकामा का आहे'. स्वतःच्याच घराला सुरुंग लावायचा होता, पण मला चढलेला उत्साह काही औरच होता. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या, दोनदा भात करपला. तिसऱ्या दिवसापासून रुबीना घरून कोळंबीचं कालवण आणायला लागली. म्हणाली, "तुमच्या स्वयंपाकावर प्रबंध पूर्ण होणार नाही, मॅडम."

पाचव्या दिवशी एकतीसही आकडे खोटे ठरवून झाले. मी म्हटलं, बस, लिहायला घे. पण रुबीनाला पक्कं करायचं होतं. "लोक म्हणतील, खड्डा अजून खोल केला असता तर? म्हणून मी खोली वाढवत नेते. रकाना शेवटपर्यंत रिकामाच राहतो, हे दाखवून टाकू." तिने प्रोग्राम लावला आणि आम्ही जेवायला बसलो.

जेवताना तिचं लक्ष स्क्रीनवर गेलं आणि घास तसाच हातात राहिला.

"मॅडम. विरली."

"काय विरली?"

"लाट! दुसऱ्या रकान्यातली! ही बघा ना, फुगत नाहीये. विरतेय!"

उष्ट्या हातानेच मी खुर्ची ओढली. खरंच विरत होती. खड्डा फारच खोल केल्यावर प्रतिकण त्यात अडकला होता. ढकलणाऱ्या बळात, टेकडीवर! असं कसं? आम्ही दोघींनी एकाच वेळी कागदाकडे हात नेला. समीकरणात बळ दोन ठिकाणी येतं, एकदा साधं आणि एकदा वर्गात. साधा हिस्सा कणाला ओढतो, प्रतिकणाला ढकलतो. पण वर्गाला अधिक-उणं कळत नाही, तो दोघांनाही ओढतो. एरवी तो लहान असतो, कोणाच्या खिजगणतीत नसतो. खोली एका मर्यादेपलीकडे गेली की तोच वरचढ ठरतो आणि टेकडीचाच खड्डा होतो. जुन्या जाणकारांना याची चाहूल होती, दुसऱ्या आकाराच्या खड्ड्यांत त्यांनी हे पाहिलं होतं. पण आमच्या या खड्ड्यात? कोणीच नाही!

"आकडा किती?" मी विचारलं.

"उणे शून्य पूर्णांक नऊ नऊ आठ सात."

हा आकडा माझ्या ओळखीचा होता.

माळ्यावरून खोका काढायला शेजारच्यांची शिडी आणली. त्यात माझी तेव्हाची वही होती, निळ्या पुठ्ठ्याची, कॅल्क्युलेटरवर केलेली सगळी गणितं तिच्यात. पेपरात तक्ता छापला होता एकतीस ओळींचा. वहीत ओळी होत्या बत्तीस. दुसऱ्या रकान्यातले आकडे एकामागून एक उणे एकच्या दिशेने उतरत गेलेले, छान, शिस्तीत. उणे एक म्हणजे आमच्या गणितातला तळ. एकतिसावी ओळ तळाला टेकलेली. आणि बत्तिसावी तळाला टेकून पुन्हा वर वळलेली. उणे शून्य पूर्णांक नऊ नऊ आठ सात. त्यावर लाल रेघ आणि बाजूला माझंच अक्षर, 'गणित चुकलं'.

मला सगळं आठवलं. मी ती ओळ तीनदा सोडवली होती. तिन्ही वेळा तेच आलं. पण आलेख बिघडत होता. एवढी सुंदर उतरती रेषा आणि शेवटी हे वाकडं शेपूट, परीक्षण करणारे प्रश्न विचारतील, पेपर अडकेल. म्हणून मी ओळ काढून टाकली. बत्तीस आकड्यांतला एकच खरा होता, आणि मी नेमका तोच काढून उरलेले एकतीस छापले. रुबीनाला मी हे सगळं सांगितलं. चूक होणं वेगळं. ही चूक नव्हती, मी घाबरले होते.

रुबीनाने वहीवरून अलगद बोट फिरवलं. म्हणाली, "पण मॅडम, तुमी लाल रेघच मारली. खोडलं नाही. आकडा वाचता येतोय."

प्रबंध मुदतीच्या दिवशी, कार्यालय बंद व्हायच्या आधी वीस मिनिटं, जमा झाला. तिसऱ्या प्रकरणाचं नाव बदललं होतं.

काही महिन्यांनी तोंडी परीक्षा लागली. बाहेरून आलेले परीक्षक ज्येष्ठ, नावाजलेले, आणि माझा दुसरा रकाना सगळ्यांत जास्त वापरलेले. हॉलमध्ये पंचवीस-तीस माणसं. मागच्या रांगेत रुबीनाची अम्मी, सकाळच्या पहिल्या बसने आलेली. मार्गदर्शकाने अशा वेळी तोंड उघडायचं नसतं, म्हणून मी ओठ मिटून बसले होते.

सादरीकरण संपलं. परीक्षकांनी चष्मा काढला. "छापलेल्या तक्त्यात एकतीस ओळी आहेत. तुम्ही बत्तिसावीचा उल्लेख करता. ती मूळ पेपरात का नाही?"

रुबीना माझ्याकडे न बघता म्हणाली, "सर, तेव्हा कॅल्क्युलेटर होते. शंका येणं साहजिक..."

मी उठले. "मी काढली, सर. तीनदा तेच उत्तर आलं होतं. आलेख वाकडा दिसत होता म्हणून काढली."

परीक्षक माझ्याकडे बघत राहिले. मग रुबीनाकडे वळले. आवाज थंड होता. "म्हणजे तुमच्या म्हणण्याप्रमाणे माझे सात पेपर चुकीचे आहेत. त्यांचं मी काय करू?"

ही डिग्री गेली, मला वाटलं. आठ वर्षं गेली. रुबीना घोटभर पाणी प्यायली.

"परत काट्यावर ठेवा, सर," ती म्हणाली.

त्यांना अर्थात ते कळलं नाही. "कशावर?"

"मूळ समीकरणात घालून बघा. सूत्रात नको."

ते उठले. मला वाटलं, निघाले. पण ते फळ्यापाशी गेले, बाह्या सरसावल्या आणि खडू हातात घेतला. दुसऱ्या रकान्यातली पहिली ओळ घेतली, माझी छापलेली. पायरीपायरीने गेले, वर्गमुळाचं चिन्ह लिहिलं, थांबले, पुसलं, पुन्हा लिहिलं. "फुगते," ते स्वतःशीच म्हणाले. मग बत्तिसावी ओळ घेतली. आता पाठमोरे असूनही त्यांचा वेग वाढलेला दिसत होता. खडू तुटला, त्यांनी तुकड्यानेच पुढे लिहिलं. वीस-पंचवीस मिनिटं झाली असतील. एकही माणूस उठला नाही. त्यातल्या बहुतेकांना काही कळत नव्हतं, तरी नाही.

"विरते!" ते ओरडले. अक्षरशः ओरडले, लहान मुलासारखे. "अहो, विरते ही! अडकलाय तो आत!" आणि वळले तेव्हा सगळा चेहरा खडूने पांढरा आणि त्यावर एवढं मोठं हसू. माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, काय रत्न टाकून दिलं होतंत तुम्ही!" मग रुबीनापुढे खडूचाच हात केला. "अभिनंदन, डॉक्टर." मागच्या रांगेत अम्मी रडायला लागल्या, त्यांच्या शेजारच्या अनोळखी बाई त्यांना रुमाल शोधून देत होत्या, आणि मी बसल्याजागी टाळ्या वाजवत होते.

त्याच महिन्यात मी त्या नियतकालिकाला पत्र पाठवलं, माझा दुसरा रकाना मागे घेतला. परीक्षकांनी त्यांच्या सात पेपरांसाठी सात पत्रं पाठवली. बत्तिसावी ओळ छापून आली आहे, रुबीनाच्या नावाने. तिला माझंही नाव घालायचं होतं, मी घालू दिलं नाही. आप्पांना हे पटलं असतं, एवढं मला नक्की माहीत आहे.

पत्र पाठवलं त्या दुपारी मी निळी वही उघडली. लाल रेघेशेजारी लिहिलेले ते दोन शब्द खोडले, आणि खाली लिहिलं, 'गणित बरोबर होतं. मी चुकले.'